गोड शेवट नसलेली परीकथा

महोदय,

इसाओ ताकाहाता यांचा १९९४ सालचा 'पोम पोको' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट मुलांना जरूर दाखवावा. टोकियोलगतच्या तामा टेकड्या सपाट करून वसाहत उभी राहते आणि तिथले तानुकी, म्हणजे रॅकूनसारखे दिसणारे पण कुत्र्याच्या कुळातले प्राणी, बेघर होतात. नाना रूपं घेऊन ते माणसांना घाबरवतात, तरी हरतात. काही जण मग माणूस बनून नोकरी धरतात. खचाखच भरलेल्या गाडीतला तो थकलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परीकथा असूनही ओढूनताणून सगळं गोड केलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना आधी विचारलं का नाही?"

– एक पालक