भाव तिने स्वतः लिहिला होता

सनीवेल, कॅलिफोर्निया
शनिवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आज पहिल्यांदा इथल्या शेतकरी बाजारात गेले. दर शनिवारी सकाळी ९ ते १ मर्फी अव्हेन्यूवर भरतो. घरापासून इतका जवळ, आणि मी दोन वर्षं दुकानातली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली भाजी आणत होते.

आई, फ्रेस्नोकडची एक बाई टोमॅटो मांडत होती, तुझ्याच वयाची. तिच्या बोटांवर तोच काळपट हिरवा डाग! तोडणीच्या दिवसांत तू हात धुवायला लागलीस की हिरवं-पिवळं पाणी निघायचं. साबणाने डाग जायचा नाही, म्हणून तू टोमॅटोच चिरडून हातांना चोळायचीस. टोमॅटो निवडायचे सोडून मी तिच्या हातांकडेच बघत राहिले.

बाबा, समोर खडूने लिहिलेली पाटी होती, पाउंडाला ४ डॉलर. पाउंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. मी विचारलं, भाव कोण ठरवतं? तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "मीच की!"

मला तुमची पट्टी आठवली, आडत्याने दिलेली विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी. रात्रभर टेम्पोत क्रेटांबरोबर जागून तुम्ही सकाळी परत यायचात. आडत म्हणजे त्याची दलाली, हमाली, तोलाई वजा होऊन खाली जो आकडा उरायचा, तो आईला न दाखवता घडी घालून खिशात ठेवायचात. माझ्या दहावीच्या वर्षी तर टेम्पोचं भाडंही सुटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मी विसरलेले नाही.

इथे प्रत्येक शेतकऱ्याला सर्टिफिकेट लावावं लागतं. शेतात काय पिकतं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्याचा माल आणून आपला म्हणून विकता येत नाही. ठरावीक आकाराचाच माल, ठरावीक पेटीतच भरा, ही सक्ती या बाजारांपुरती १९७७ मध्ये उठली. म्हणून तिच्याकडे वाकडे, बारके, चिरा गेलेले टोमॅटोही मानाने मांडलेले होते. आपला बारका माल व्यापारी बाजूला काढून निम्म्या भावात मागायचे, आठवतं ना?

तिचे कष्टही कमी नाहीत. पहाटे ३ ला निघते, तीन तास गाडी चालवते, उरलेला माल परत नेते.

आपल्याकडेही २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे, आणि पुण्यात पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार भरतात. बाबा, या हंगामात सगळा माल नको, पाच-सहा क्रेट तरी दादाबरोबर पाठवून बघा. टेम्पोचं भाडं मी देते, त्यावर वाद नको. तुम्ही सोबत जा, पण ओझं उचलू नका. फक्त पाटीवर भाव तुमच्या हाताने लिहा.

संध्याकाळी त्या टोमॅटोंची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. आई, फोडणीत हिंग तुझ्याइतकाच घातला होता.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, रविवारी फोन करतेच.

तुमची,
चिमी