रॅक गळतोय म्हणून लगेच नवा टाकू नका, आधी शाफ्ट बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांबद्दल प्रश्नोत्तरं येतात ती मी नेमाने वाचतो, आणि बहुतेक वेळा उत्तरं चांगली असतात हेही आधीच सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस फक्त चुका काढायलाच बसलाय. पण गेल्या वेळी एका वाचकाने विचारलं होतं की जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल सारखं कमी होतंय, खाली लाल थेंब पडतात, काय करू, आणि त्याला एका ओळीत उत्तर दिलं की रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा, त्याच्या नळीसकट) लीक आहे, नवा टाका. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिक नाही. माझी गाडी 17 वर्षांची आहे आणि तिच्या रॅकपायी मी दीड वर्ष जे काही भोगलं त्यातून हे शिकलोय.

पहिली गोष्ट म्हणजे खाली थेंब दिसला याचा अर्थ रॅकच गळतोय असा होत नाही. रॅक गाडीत सगळ्यात खाली आडवा बसलेला असतो, त्यामुळे वर कुठेही गळालं, पंपाचं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) असो, ऑइलच्या डब्यापासून पंपापर्यंतच्या पाइपाची ढिली क्लिप असो नाहीतर हाय प्रेशरच्या होजचं क्रिम्पिंग (रबर धातूच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) असो, ऑइल ओघळत शेवटी रॅकवरच येणार आणि तिथूनच टपकणार. माझ्या ओळखीतल्या एकाने अख्खा रॅक बदलून घेतला आणि तिसऱ्या दिवशी खाली परत तोच डाग, मग कळलं की प्रेशर होज जिथे रबराची धातूला जोडलेली असते तिथे पाझरत होती. रॅक बिचारा कोरडा होता! म्हणून आधी सगळं डिग्रीझर मारून धुवायचं, पुसून कोरडं करायचं, इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून बघायचं. गाडी नीट स्टँडवर घेतलेली हवी, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. ओल नेमकी कुठून सुरू होते ते दहा मिनिटांत कळतं. लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण टोकाला फिरवून, मात्र चार-पाच सेकंदांच्या वर धरून ठेवू नका कारण तिथे पंप पूर्ण प्रेशर देतो, ते बऱ्याच गाड्यांत 70 ते 100 बारच्या घरात जातं. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा की त्या एवढ्याशा सीलवर काय जोर येत असेल.

आता रॅकच गळत असेल तर ते ओळखायची जागा म्हणजे बेलो, ते दोन टोकांचे घडीघडीचे रबरी बूट. त्यात ऑइल असायचं कारणच नाही, असलंच तर थोडं ग्रीस. क्लिप सोडून बूट मागे सरकवायचा, आतून ऑइल ओघळलं तर टोकाचं सील गेलं समजा. इथे एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बेलो एका बारीक नळीने जोडलेले असतात, वळताना एक बूट दबतो आणि दुसरा ताणला जातो तेव्हा हवा इकडून तिकडे जायला. त्याच नळीतून ऑइलही जातं. म्हणजे थेंब डावीकडे पडतोय म्हणून डावं सील खराब असं छातीठोक म्हणता येत नाही. वर पिनियनच्या (रॅकच्या दातांवर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) इथून, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड जिथे रॅकमध्ये शिरतो तिथून ओल असेल तर ते वेगळं सील, आणि नुसतं तेवढंच गेलं असेल तर काही गाड्यांत रॅक पूर्ण न खोलताही बदलता येतं.

आता माझी कहाणी. एका गॅरेजात दाखवली, नाव कशाला घ्यायचं, तो म्हणाला सील किट (सगळ्या सीलांचा नवा संच) टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी पण खूश. चार महिने सगळं छान चाललं आणि मग डब्यातली लेव्हल परत खाली जायला लागली, आधी महिन्याला थोडी, मग आठवड्याला. त्याच्याकडे परत गेलो तर म्हणे किटच डुप्लिकेट आलं असेल, दुसरं टाकू. दुसरं टाकलं, ते तीन महिनेसुद्धा टिकलं नाही. मला वाटायला लागलं की आपल्या गाडीलाच काहीतरी झालंय.

शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो, वयस्कर माणूस, बोलायला कमी. त्याने रॅक माझ्यासमोर खोलला, शाफ्ट, म्हणजे आतला सरकणारा दांडा, बाहेर काढून फडक्याने पुसला आणि मला म्हणाला, साहेब, नख फिरवा यावरून. आरशासारखा चकचकीत शाफ्ट, वरवर काही दिसत नाही, पण नख फिरवलं तर एका जागी खट्ट अडकलं. मोहरीच्या दाण्याच्याही चतुर्थांश असेल एवढा खड्डा आणि शेजारी आणखी दोन-तीन, गंजाने खाल्लेले. तो म्हणाला प्रत्येक वेळी तुम्ही वळता तेव्हा हा खड्डा सीलच्या ओठावरून कानस फिरवल्यासारखा जातो, तुम्ही सोन्याचं सील टाकलं तरी ते कापणारच. दोन किट, दोन वेळची मजुरी, दोन वेळा अलाइनमेंट, आणि दोन्ही वेळा शाफ्टकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

आणि खड्डा आला कुठून? तर बेलोतून. पिनियनपासून लांबच्या बाजूचा बेलो एका घडीत चिरलेला होता, चाकं सरळ असताना घडी मिटलेली म्हणून ती चीर दिसायचीच नाही, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं की ताणून उघडायची. त्यातून पाणी आणि चिखल आत, आणि शाफ्टचा नेमका तोच भाग सीलमधून आत-बाहेर करणारा. आधीच्या पठ्ठ्याने दोन्ही वेळा तोच फाटका बेलो परत चढवला होता, वर टाय लावून घट्ट करून!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की रिपेअर की नवा हे सील ठरवत नाही, शाफ्ट ठरवतो. शाफ्ट गुळगुळीत असेल, नख कुठे अडकत नसेल, तर जुना रॅक सील किट टाकून छान चालतो, उगाच फेकायचं कारण नाही. अगदी वरवरचा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने निघतोही, पण खड्डा पडला की तो घासून काढता येत नाही, घासलं तर शाफ्टच तिथे बारीक होतो आणि सील ढिलं पडतं. मग एक तर शाफ्ट ग्राइंड करून परत हार्ड क्रोम करून (वर क्रोमचा कडक थर चढवून) आणायचा, ते काम नीट करणारे फार नसतात, नाहीतर रॅक बदलायचा.

रॅक बदलावाच लागतो अशा आणखी दोन गोष्टी आहेत. सकाळी गाडी गार असताना स्टिअरिंग जड, त्यातही एकाच बाजूला जास्त, आणि थोडं चालवल्यावर हलकं होत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या (ऑइल डावीकडे की उजवीकडे सोडायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) टेफ्लॉन रिंगांनी हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, आतून चरे पाडलेले असतात, तिथे ऑइल बाहेर गळत नाही, आतल्या आतच पळतं. नवीन रिंगा टाकून ते चरे भरत नाहीत. दुसरं म्हणजे मधले दात झिजणं. आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे रॅकचे मधले दात आधी झिजतात आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगला खेळ येतो. तो घालवायला कोणी खालचा ॲडजस्टर (रॅक पिनियनवर दाबून धरणारा स्क्रू) आवळून दिला तर मध्ये बरं वाटतं पण टोकांना अडकायला लागतं, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. असला आवळलेला रॅक भर वळणावर धोक्याचा, तिथे काटकसर नको.

सील किट टाकणंसुद्धा वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आतलं सील चढवताना शाफ्टच्या दातांवर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, त्यावरून सील हळूच सरकवलं आणि मग कागद ओढून घेतला, कारण दातांच्या धारेवरून ते तसंच नेलं तर बसवतानाच त्याचा ओठ कापला जातो. शाफ्टवरच्या पिस्टनची टेफ्लॉन रिंग गरम पाण्यात टाकून मऊ केली, चढवली आणि परत आकसून बसेपर्यंत वरून दाबून ठेवली. ज्याने संध्याकाळपर्यंत देतो म्हटलं होतं त्याने यातलं काय केलं असेल देव जाणे.

माझा शाफ्ट गेलेलाच होता म्हणून शेवटी रिकंडिशन केलेला रॅक घेतला, पण घेतानाही तिथेच बेलो मागे सारून दोन्ही बाजूंनी शाफ्टवर नख फिरवून बघितलं. दुकानदार हसला, हसू दे. वापरलेला रॅक घेणार असाल तर हे करायलाच हवं, रंग मारून सगळेच नव्यासारखे दिसतात.

बसवतानाच्या दोन-तीन गोष्टी. रॅक काढायच्या आधी स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवायला सांगा. खालचा जॉइंट सुटल्यावर ते मोकळं फिरलं तर एअरबॅगवाल्या गाडीत आतली गुंडाळलेली वायर तुटते आणि मग एअरबॅगचा दिवा, हॉर्न, सगळ्याचीच बोंब. पाइपांचे जुने वॉशर, ओ-रिंगा परत वापरू नका. जुनं काळं ऑइल पूर्ण काढून लाइन धुवा, नाहीतर त्यातला कचरा नव्या सीलमध्येच जाऊन बसतो. नवं ऑइल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवूनच, स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-एक वेळा फिरवायचं आणि लेव्हल बघत राहायचं, मग इंजिन चालू. घाईत लगेच स्टार्ट केलं की ऑइलचा फेस होतो आणि पंप कुंईईई करून रडतो, लोक म्हणतात पंप गेला, गेलेला नसतो, हवा असते. टाय रॉड एन्ड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) किती आटे आत होते ते मोजून ठेवलं तरी अलाइनमेंट करावीच लागते.

आणि गळतंय तरी चालवत राहू का, तर थोडं पाझरत असेल आणि लेव्हल रोज बघत असाल तर काही दिवस निभेल. पण डबा रिकामा झाला तर पंप कोरडा चालून जळतो आणि त्याचा चुरा नवीन रॅकमध्ये. स्टिअरिंग एकदम बंद पडत नाही, दात दातांना लागलेलेच असतात, पण वळता वळता अचानक दगडासारखं जड झालं तर भले भले घाबरतात. गरम सायलेन्सरवर ऑइल पडून धूर येत असेल तर मात्र त्या दिवशीच गाडी उभी करा.

त्या वाचकाने अजून नवा रॅक घेतला नसेल तर कृपया पुढच्या रविवारी एवढं तरी छापा की आधी बेलो उघडून बघ आणि शाफ्टवर नख फिरव.

आपला,
एक जुना वाचक (आणि जुन्या गाडीचा मालक)

ता. क. : लीक बंद करणाऱ्या बाटलीबद्दल लिहायचं राहिलं. ती रबर फुगवते म्हणून काही दिवस गळणं कमी होतं, मीही टाकून बघितली होती, पुढे सील मऊ पडून आणखी लवकर गेलं. आणि रस्त्यात ऑइल संपलं म्हणून ब्रेक ऑइल तर अजिबात ओतू नका, ते वेगळ्या जातीचं असतं, त्याने पंपापासून रॅकपर्यंतची सगळी रबरं फुगून बसतात. झाकणावर जे ऑइल लिहिलंय तेच, कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असतं, कुठे दुसरं काही, आणि नुसता लाल रंग बघून घेऊ नका.