विंचवाच्या रात्रीची कविता शिकवणाऱ्या बाईंना

ती. बाईंना,
साष्टांग नमस्कार.

नववीत तुम्ही इंग्रजी शिकवायला आलात, तोवर धडे आणि कविता गाईडमधून पाठ करायच्या हेच आम्हाला ठाऊक होतं. ओ. हेन्रीच्या गोष्टीतली डेला केस का विकते, याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. नवऱ्याच्या नाताळच्या भेटीसाठी साठवलेले १ डॉलर ८७ सेंट ती तीनदा मोजते, तिथे मात्र आम्ही कुणी थांबलो नव्हतो. तुम्ही थांबलात. ‘तीनदा का?’ असं विचारलंत आणि उत्तराची घाई केली नाहीत. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘बाई, गणपतीच्या आधी माझी आय पण असंच मोजते.’ मग तो आख्खा तास पैशांवर बोलण्यातच गेला.

पण हे पत्र लिहायला बसले ते जुलैतल्या त्या दुपारसाठी. लावणी चालू होती, अर्धा वर्ग शेतावर. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि फळ्यावर निसीम इझिकेल यांची ‘नाईट ऑफ द स्कॉर्पियन’ ही कविता लिहायला घेतलीत. फळा दोनदा पुसावा लागला. दहा तास कोसळणारा पाऊस, तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला विंचू, त्याने डंख मारलेली आई, कंदील घेऊन गोळा झालेलं गाव. शब्दकोश कुणालाच लागला नाही. हा कवी मुंबईचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्या समाजाला आपल्या रायगडात ‘शनिवार तेली’ म्हणत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा इंग्रजी कविता लिहिणारा माणूस पहिल्यांदाच आमच्या जिल्ह्यातला वाटला.

‘आता मराठीत बोला,’ म्हणालात. मी त्याआधी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिले आणि आदल्या पावसाळ्यात माझ्या आईला विंचू चावला होता ते सांगितलं. भगत आला, अंगारा लावला, आजी म्हणत होती की मागच्या जन्मीचं भोगून संपतंय. कवितेतले शेजारीही नेमकं तेच म्हणतात. त्यातले वडील कशावर विश्वास न ठेवणारे, तरी शेवटी चावलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. घाबरलेला माणूस काय काय करतो ते बघा, एवढंच म्हणालात. मग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांबद्दल सांगितलंत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरून त्यांनी किती जीव वाचवले ते ऐकवलंत, आणि विंचू चावला की आधी दवाखाना, हे आमच्याकडून म्हणवून घेतलंत. इंग्रजीच्या तासाला हे सांगणाऱ्या दुसऱ्या शिक्षिका मला पुढे भेटल्या नाहीत.

शेवटच्या ओळी तुम्ही हळू वाचल्यात. वीस तासांनी वेदना उतरते आणि ती आई एवढंच म्हणते की देवाची कृपा, विंचवाने मला धरलं, माझ्या मुलांना सोडलं. बाई, माझी आईही शुद्धीवर आल्यावर म्हणाली होती, ‘बरं झालं, पोरं पलीकडे निजली होती.’ घरी जाऊन मी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. कुठूनही न उतरवलेलं ते माझं पहिलं इंग्रजी वाक्य. क्रियापद चुकलं होतं. तुम्ही ते दुरुस्त केलंत आणि खाली इंग्रजीतच विचारलंत, ‘पुढे काय झालं?’ मी पुढची चार पानं लिहिली. ती वही अजून माझ्याकडे आहे. तुमचे आभार त्या प्रश्नासाठी, आणि मला बोलू दिलंत त्यासाठी.

गेल्या दिवाळीत आईला ती कविता मराठीत सांगितली. शेवटपर्यंत मान हलवत ऐकली तिने. मग विचारलं, ‘त्या बाईला उतरायला वीस तास लागले? माझं दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं होतं.’ आणि थोड्या वेळाने, ‘तुझ्या बाईंना नमस्कार सांग.’

तो या पत्रातून सांगते आहे.

तुमची विद्यार्थिनी