तो दुपट्टा सोड

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा "बरं हाय" म्हणतात अन् लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा.

काल व्हिडिओ कॉलवर पाहिलं. बाबांचा उजवा हात दुपट्ट्यानं गळ्यात बांधलेला, आणि आई घास भरवते आहे. आई, रागावू नको, पण तो दुपट्टा सोड. हाड मोडलेलं नाही.

गावात म्हणतात तसा हा लकवाही नाही. तोंड वाकडं नाही, बोलणं साफ, धुऱ्यावरून पाय नीट चालतात, मूठही वळते. फक्त खांद्यातून हात उठत नाही आणि कोपर वाकवायला जोर नाही. नागिणीचे फोडही मानेपासून दंडापर्यंत त्याच पट्ट्यात होते ना? लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू मणक्याजवळ नसांच्या गाठीत इतकी वर्षं दडून होता. तो उठला की कातडीच्या नसेतून बाहेर येतो, पण कधी कधी शेजारच्या, हात हलवणाऱ्या नसेलाही धरतो. म्हणून फोड सुकत आल्यावर हात पडला. बाबा, विहिरीवरची मोटर शाबूत आहे, केबल उंदरांनी कुरतडली आहे.

फरक एवढाच की ही केबल विकत मिळत नाही. नस आपली आपण वाढते, दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची ताकद बरीचशी परत येते, पण महिने जातात, कुणाला वर्षाच्या वर. तोवर हात बांधून ठेवला तर खांद्याचा सांधाच आखडेल. म्हणून डाव्या हातानं उजवा धरून वर न्यायचा, भिंतीवर बोटं चालवत चढवायची, फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं तसं रोज. शर्टाची बटणं तुम्हीच लावा. लागू दे अर्धा तास.

आई, गेरू लावला म्हणून हात गेला असं आत्या म्हणते, ते मनातून काढ. फोड दिसले त्याच दिवशी तू मला फोन केला होतास. मी कामाच्या गडबडीत "उष्णता असेल, सब्जा दे" म्हणून मोकळी झाले. विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्या होत्या, आपण पाचव्या दिवशी गेलो. गोळ्या वेळेत मिळाल्या असत्या तरी हात वाचलाच असता असं कुणी सांगू शकत नाही. पण माझा तो सब्जा मला विसरता येत नाही. आणि तू तिकडे वेढा पूर्ण होतो की काय म्हणून रात्रभर टॉर्च घेऊन फोड पाहत बसलीस! अगं, नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते.

आगीसाठी दिलेल्या रात्रीच्या गोळीनं गरगरतं, तेव्हा उठताना लाइट लावा. वेचणीला वावरात जायला हरकत नाही, डाव्या हातानं चार बोंडं वेचा. गाठोडं मात्र उचलायचं नाही.

नागिणीची लस आपल्याकडे आली आहे, दोन डोस. या खेपेला आईला देऊन टाकू. महाग आहे, पण कापसाचा भाव मध्ये आणू नका.

दिवाळीला येते. बाबा, स्वतः बटणं लावलेल्या शर्टात स्टँडवर या.

तुमची,
बेबी