नर्सरीवाले काका, तुमच्यामुळे आमच्या कॅक्टसला फुलं आली

काका, नमस्कार,

तुम्ही मेसेज बघत नाही हे माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, तुमचा नातू वाचून दाखवेल.

मागच्या जुलैत भर पावसात मी आणि माझी लेक एक लिंबाएवढा मॅमिलेरिया जातीचा कॅक्टस डब्यात घालून तुमच्याकडे आलो होतो. लेकीने साठवलेल्या पैशांतून घेतलेला, आणि तो खालून इतका मऊ पडला होता की बोट लावलं तर आत जायचं. मी नवीन घ्यायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही सहज विकला असतात, पण तुम्ही तो उलटा करून दाबून बघितलात आणि म्हणालात, "वरून अजून कडक आहे, थांबा जरा."

मग सुरी स्पिरिटने पुसून खालून एकेक चकती कापत गेलात. मधल्या गोलात तांबूस ठिपका दिसला की परत सुरी पुसायची, परत चकती. चौथ्या चकतीला आतून अगदी काकडीसारखा स्वच्छ निघाला, तेव्हा लेकीने टाळ्याच वाजवल्या.

तुम्ही सांगितलंत तसं दहा-बारा दिवस रिकाम्या ग्लासच्या तोंडावर ठेवून सावलीत सुकवला, पाण्याचा थेंब नाही, मग कोरड्या जाड वाळूवर नुसता टेकवला. महिन्याभराने हळूच उचलून बघितलं तर दोऱ्यासारखी पांढरी मुळं! मी ऑफिसला जायचं सोडून ती बघत बसले होते खरंच.

आणि चूक नेमकी कुठे झाली तेही तुम्हीच समजावलंत. विकत आणलेल्या कुंडीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर शोभेचे खडे गोंदाने चिकटवलेले, मग ओल जाणार कुठून. त्यात हे मूळचं मेक्सिकोकडचं कोरड्या हवेतलं झाड आणि मी ते पावसाच्या माऱ्यात ग्रिलमध्ये ठेवलेलं. आता जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडंसंच गांडूळखत असं मिक्स आहे, सकाळचं ऊन मिळतं, अगरबत्तीची काडी खोचून ती पूर्ण कोरडी निघाली तरच पाणी. थंडीत तर महिन्यातून एकदाच दिलं, हात शिवशिवायचे पण तुमचं ऐकलं.

फेब्रुवारीत डोक्याभोवती कळ्या आल्या, गोल मुकुटासारख्या. लेकीने मोजल्या, 11. गुलाबी फुलं, दुपारी उमलायची आणि संध्याकाळी मिटायची.

त्या दिवशी तुम्ही पाऊण तास दिलात आणि पैसे घेतले नाहीत. ते मी विसरणार नाही काका, मनापासून थँक्यू.

रविवारी त्याला घेऊन येतोय आम्ही. काट्यांच्या मधे पांढरा कापूस दिसतोय, तो त्याचाच आहे की मिलीबग नावाची कापसासारखी दिसणारी कीड ते जरा बघून सांगा, तोवर मी काहीच फवारलेलं नाहीये.