तेलातली लसूण फ्रिजबाहेर नको

महोदय,

घरगुती पदार्थांच्या प्रदर्शनांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेलात बुडवलेल्या ओल्या लसणीच्या बाटल्या विकायला असतात. फ्रिजबाहेर ठेवलेल्या, वर ‘महिनोन्‌महिने टिकते’ अशी हमी. तेलाखाली काहीही टिकतं, हा समज लोणच्यावरून आलेला आहे. पण लोणचं टिकतं ते कैरीच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे. तेल फक्त हवा अडवतं. लसणीत आंबटपणा नगण्य, पाणी भरपूर, त्यात वरून हवा बंद. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू मातीतून लसणीबरोबर येतो आणि त्याला वाढायला नेमकं हेच लागतं.

त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळीने मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअस तापमान सुमारे तीन मिनिटं टिकावं लागतं. कडकडीत तेल ओतलं तरी उपयोग नाही, कारण पाकळीत ओल आहे तोवर तिचं आतलं तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही. मग मुंबईच्या उकाड्यात बाटलीत विष तयार होऊ शकतं. वास किंवा चव बदलेलच असं नाही, म्हणून चाखून बघणं हीच सर्वांत घातक परीक्षा. व्हँकुव्हरला १९८५ साली अशाच लसणीने एका उपाहारगृहातल्या अनेक ग्राहकांना बोटुलिझम झाला होता.

घरी करायचीच तर थोडी करावी, लगेच फ्रिजमध्ये ४ अंशांखाली ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी. उरेल ती फ्रीजरमध्ये. विकणाऱ्यांनी लसूण आधी व्हिनेगरमध्ये मुरवून तिचा सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली आल्याचं मीटरवर तपासावं. अंदाजाने लिंबू पिळणं पुरेसं नाही. वडापावच्या सुक्या चटणीत ओलच नसते, तिच्याबद्दल ही भीती नको. डबाबंद पदार्थाचा फुगलेला डबा मात्र न उघडता टाकावा.

लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात: पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, घास गिळवत नाही. ताप नसतो, शुद्ध असते, आणि अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखाच खाली उतरत जातो. छातीचे स्नायू थकले की श्वास अडतो. रुग्णाला ताबडतोब व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं, काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं आणि उरलेली बाटली सोबत न्यावी. प्रतिविष जितकं लवकर, तितकं उपयोगी. झालेला लकवा ते मागे फिरवत नाही.

मधातही याच जिवाणूचे बीजाणू असू शकतात, म्हणून एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, गुटीतूनही नाही.

प्रदर्शनांच्या आयोजकांना कळकळीची विनंती: तेलातली लसूण शीतपेटीत नसेल आणि बाटलीवर बनवल्याची तारीख नसेल, तर ती मांडू देऊ नका.

– एक अन्नतंत्रज्ञ, दादर, मुंबई