काका, 'फॉरमॅट'वर बोट पडू दिलं नाहीत, त्याबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पाकीट पुढे केलं तर रागावलात आणि दाराशी चपला घालताना म्हणालात, "आभार मानायचेच असतील तर काय काय झालं ते लिहून काढ. दुसऱ्या कुणाची डिस्क वाचली तर मला पोचलं." म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता उघड्यावर लिहिते आहे. तांत्रिक बाबतीत कुठे चुकलं असेल तर पुढच्या वेळी लाल पेन घेऊन या.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमच्या मिरजेच्या घरात कपाटावर एक छोटा डबा आहे. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक, त्यावर बसवलेलं डॅकचं (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारं) बोर्ड आणि संगीत वाजवणारं एक मोफत सॉफ्टवेअर. यूएसबीला डिस्क लावायची, अँप्लिफायरला वायर जोडायची आणि फोनवरून गाणं निवडायचं. भाच्याने सुट्टीत येऊन तो जोडून दिला. त्याच्या डिस्कवर बाबांचा सगळा ठेवा आहे: गल्लीतल्या गणपतीत व्हायच्या त्या बैठका, सांगली आकाशवाणीवरून टेपरेकॉर्डरवर उतरवलेली गाणी, शिवाय घरी येऊन गाऊन गेलेल्या कितीतरी जणांचं गाणं. कॅसेटी दादाने बंगळुरात त्याच्या जुन्या मॅकवर उतरवून काढल्या आणि एक टीबीची डिस्क भरून पाठवली. त्यातल्या पुष्कळ गायकांची नावं आज कुणाला ठाऊकही नसतील. बाजारात त्यांची एकही ध्वनिफीत मिळायची नाही.

तर हा डबा विलंबित ख्याल ऐन रंगात आला की बंद पडायचा. कधी फोनवर सगळी लायब्ररी रिकामी दिसायची आणि डबा बंद करून चालू केला की परत यायची. ज्याला विचारावं तो एकच सांगे, डिस्क गेली, नवी घ्या. म्हणून दोन टीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, आणि तिच्यासाठी यूएसबीचं केसिंग मागवलं. ते लावलं, तर नवी डिस्क लायब्ररीत दिसेचना. जुनी डिस्क भाच्याने ठेवून दिलेल्या विंडोजच्या लॅपटॉपला लावली, तर पडद्यावर पाटी आली की वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट, म्हणजे पुसून नव्याने तयार, करावी लागेल.

तुम्ही आलात तेव्हा ती पाटी पडद्यावरच होती. तुम्ही बसलाही नाहीत. उभ्या उभ्या माऊस घेतलात, 'कॅन्सल' दाबलंत, वायर काढलीत आणि मग म्हणालात, "आता पाणी दे."

त्या पाटीचा अर्थ तुम्ही नंतर समजावलात. मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ती डिस्क कोरी आहे असं धरून चालते आणि फॉरमॅट करू का, असं अगदी नम्रपणे विचारते. आपला डबा लिनक्सवर चालतो, त्याला ती डिस्क वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. मी नवी रेकॉर्डिंगं टाकायला गेले की का नकार मिळायचा, तेही तेव्हाच कळलं. नवी एसएसडी दिसत नव्हती याचं कारण तर आणखी साधं निघालं. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या डिस्कवर विभागणीच केलेली नसते, मग डबा वाचणार काय? तुम्ही जीपीटी पद्धतीची विभागणी करून एक्स्ट-फोर या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलंत. दोन टीबीला जुनी एमबीआर पद्धतही पुरली असती, पण "उद्या चार टीबीची घेशील आणि अर्धी डिस्क कुठे गेली म्हणून मला फोन करशील" हे तुमचं म्हणणं. एमबीआरला साधारण २.२ टीबीच्या पलीकडचं दिसत नाही, ही माहिती मी वहीत लिहून ठेवली आहे.

टेलिफोन खात्यातल्या नोकरीचा गुण तुमच्यात पुरेपूर उतरला आहे, काका. फॉल्ट एक्स्चेंजमध्ये, लाइनवर की घरातल्या डबड्यात, हे ठरल्याशिवाय तुम्ही पकडीला हात लावत नसणार. इथेही तेच केलंत. नवी, रिकामी एसएसडी डब्याला लावलीत आणि तिच्यावर एक मोठी फाइल कॉपी करायला लावलीत. तीही मध्येच गायब झाली. तीच डिस्क, तेच केसिंग, तीच वायर तुमच्या लॅपटॉपला लावली तर तासभर निमूट चालली. "म्हणजे जुन्या डिस्कचं काय असेल ते असेल, पण या डब्यालाही काहीतरी झालंय," असं म्हणून तुम्ही कर्नलचा लॉग, म्हणजे डब्याची स्वतःची तक्रारवही, उघडलात.

लॉगमध्ये पहिली तक्रार विजेची होती. डब्याला मोबाइलचा चार्जर लावलेला होता, वायरही सुतळीसारखी बारीक. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा सप्लाय लागतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरलं की तो लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्यात चारही यूएसबी पोर्टना मिळून तो १.२ अँपिअरच देऊ शकतो आणि फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास खेचते. गाणं ऐन रंगात असताना डिस्क का मान टाकायची, त्याचं अर्धं उत्तर हे होतं. योग्य सप्लाय आणला आणि विजेची तक्रार लॉगमधून नाहीशी झाली.

दुसरा कुणी असता तर इथेच चहा पिऊन निघाला असता. तुम्ही परत ती मोठी फाइल कॉपीला लावलीत आणि डिस्क परत गेली. आता लॉगमध्ये विजेचं काही नव्हतं, यूएएसच्या चुकांची रांग होती. हे मला तीनदा विचारावं लागलं, म्हणून मला समजलं तसं लिहिते: केसिंगच्या आत एक चिप असते, ती डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत करून सांगते. यूएएस ही त्यातली नवी, वेगवान पद्धत, एका वेळी अनेक हुकूम देणारी. काही चिपांना ते झेपत नाही आणि त्या मध्येच गप्प होतात. तुम्ही त्या चिपचा ओळख क्रमांक काढून डब्याच्या बूटच्या फाइलीत लिहिलात, म्हणजे फक्त त्या चिपपुरती जुनी, सावकाश पद्धत वापरली जाईल. ती सगळी फाइल एकाच ओळीत असावी लागते, मध्ये एंटर दाबलं तर डबा कदाचित सुरूच होणार नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वेग कमी झाला तर गाणं अडखळेल का, ही माझी शंका. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलंत: सीडीच्या दर्जाचं गाणं न दाबता सेकंदाला १४११ किलोबिट, आणि ज्याचा फार गाजावाजा असतो ते २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं संगीत सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट, म्हणजे सव्वा मेगाबाइटसुद्धा नाही. आजची मंदातली मंद यूएसबी डिस्कही याच्या कितीतरी पट देते.

यावरून आठवलं. एसएसडी लावल्यावर "आवाज जास्त मोकळा येतो" असं मला एका जाणकार ओळखीच्यांनी सांगितलं होतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, डिस्कवरचं गाणं आधी मेमरीत येतं, मग डॅककडे जातं, तिथे ते कुठल्या डिस्कवरून आलं याचा पत्ता कुणाला लागत नाही. फरक एकच, जुन्या डिस्कची घरघर थांबते. मला विचाराल तर तो फरकही लहान नाही. बाबांच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुऱ्याखेरीज काही नाही अशा जागा पुष्कळ आहेत.

मग जुन्या डिस्ककडे वळलात. तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढलात आणि १९७ नंबरच्या ओळीवर बोट ठेवलंत: वाचता न आल्यामुळे अडकून पडलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथे शून्य असायला हवं होतं, नव्हतं. १९९ नंबरची ओळ वाढली असती तर वायरीवर संशय घेता आला असता, ती मात्र स्वच्छ होती. म्हणजे डिस्क गेली म्हणणारे अगदीच चुकले नव्हते, फक्त नवी डिस्क घेऊन त्यांचं काम संपत होतं आणि जुनीतलं गाणं तिथेच राहत होतं.

त्यानंतरच्या रात्रीबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून समजत नाही. तुम्ही स्वतःची डिस्क घेऊन आलात आणि डीडीरेस्क्यू चालवलंत. साधी कॉपी खराब जागी अडखळून बसते, तीच जागा पुन्हा पुन्हा घासते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला मारून टाकते. हा प्रोग्राम आधी धडधाकट भाग उचलून घेतो, खराब जागा नोंदवहीत टिपतो आणि मग शेवटी त्यांच्याकडे वळतो. मध्ये वीज गेली तरी नोंदवहीमुळे होतं तिथून पुढे सुरू होतं. आणि वीज गेलीच! तुम्ही खुर्चीत पेंगत होतात, उठून पाहिलंत, "जाऊ दे, वही आहे" म्हणालात आणि परत डोळे मिटलेत.

सकाळी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, हातात होती, अगदी थोडे सेक्टर वगळून. पण ते सेक्टर कुणाच्या गळ्यात पडले ते कसं कळायचं? इथे दादाने सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत, केलं होतं त्याचं चीज झालं. फ्लॅक फाइल बनताना मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या आवाजावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा, तिच्या डोक्यावर लिहिला जातो. फाइल पूर्ण उलगडून तो ठसा जुळतो का, हे एका हुकमात तपासता येतं. सगळ्या संग्रहावर तुम्ही तो हुकूम चालवलात आणि खराब फायलींची एक छोटी यादी निघाली. त्यांच्या कॅसेटी माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहेत. दादाला कळवलं आहे, दिवाळीत तो डेक घेऊन येईल.

एवढं झाल्यावर तुम्ही जायला निघालात आणि मीच तुम्हाला परत बसवलं. बाबांच्या आवडीच्या बैठकांची एक यादी मी फोनवर करून ठेवली होती. एका वर्षीच्या गणपतीतल्या चार रात्रींचं गाणं. नव्या डिस्कवरून पहिल्या रात्रीचं वाजलं, चौथ्या रात्रीचं वाजलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीचं वाजेना. फायली जागेवर होत्या, ठसा जुळत होता, फोल्डरमधून थेट लावल्या तर वाजत होत्या. यादीतून मात्र नाही. विजेपासून चिपपर्यंत सगळं शोधून काढणारे तुम्ही या ठिकाणी पहिल्यांदा डोकं खाजवताना दिसलात, आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजा वाटली.

मग तुम्ही नावं अक्षरागणिक संगणकाच्या आकड्यांत मांडून पाहिलीत आणि मोठ्याने हसलात. दोषी होता आपला 'ऱ'. 'पहिल्या' आणि 'चौथ्या' यांत तो नाही, 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' यांत आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. मॅकची जुनी पद्धत फाइलच्या नावात अक्षरं सुटी करून ठेवते. माझ्या फोनच्या कीबोर्डने यादीत एकसंध 'ऱ' लिहिला होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डब्याला ती दोन वेगळी नावं. तुम्ही कॉन्व्हएमव्ही नावाच्या प्रोग्रामने सगळी नावं एकसंध करून टाकलीत आणि दोन्ही रात्री वाजू लागल्या. मराठीत फायलींना नावं देणाऱ्या आणि मॅकवरून डिस्क हलवणाऱ्या कुणालाही हे कधी ना कधी भेटणार, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

राहिलेलं भराभर सांगते. डिस्क आता तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या एकटीच्या ओळख क्रमांकाने, ओळखली जाते, कुठल्या पोर्टला लावली याला महत्त्व नाही. डब्यातल्या डिस्कांच्या यादीत तिच्या ओळीत 'नोफेल' लिहून ठेवलंत, त्यामुळे डिस्क काढलेली असली तरी डबा सुरू होतो आणि इंटरनेट रेडिओ तरी ऐकता येतो. कॉपी चालू असताना फोनला डबा सापडायचा नाही, तेही थांबलं. यूएसबी ३ च्या कामाची खरखर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये घुसते म्हणून तुम्ही डिस्क हातभर लांब ठेवलीत आणि डबा ५ गिगाहर्ट्झवर नेलात. दुसरी पूर्ण प्रत सांगलीला मामेबहिणीकडे पोचवली आहे. सीडीच्या दर्जाचं तासाभराचं गाणं फ्लॅकमध्ये साडेतीनशे एमबीच्या आसपास बसतं, म्हणजे नव्या डिस्कवर अजून हजारो तासांची जागा आहे. तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर दादा येईल तेव्हा त्याही आणा.

आणि त्या रात्री पेंगता पेंगता तुम्ही "हा मारवा कुणाचा गं?" म्हणून विचारलं होतंत, त्या बैठकीची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आहे. एक्सफॅटमध्ये केली आहे, तुमचा टीव्ही एक्स्ट-फोर वाचत नाही म्हणाला होतात. संध्याकाळी फिरायला निघाल की घेऊन जा. काकूंना सांगा, चहा या वेळी घ्यावाच लागेल.

तुमची,
समोरच्या गल्लीतली गाण्याची बाई